गोदावरीसाठी पाणी मागताना: आवर्तन, सलग धार की पावसाळी लोंढा?

नाशिकच्या गंगापूर धरणाखालच्या गोदावरीसाठी पाणी मागितलं की कालवा सल्लागार समितीत (धरणाच्या पाण्याचं वाटप ठरवणाऱ्या समितीत) पहिला प्रश्न येतो तो 'किती?' अर्जात त्याआधी 'कधी' आणि 'कसं' लिहायला हवं. सोडण्याच्या पद्धतीवर ठरतं, की तेवढंच पाणी मासे जगवेल की मारेल.

समजा ३०० दलघफू (दशलक्ष घनफूट) पाणी मिळणार आहे. गंगापूरच्या ५६३० दलघफू साठ्याचा हा जेमतेम विसावा हिस्सा. १ क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) चोवीस तास वाहिला की ८६,४०० घनफूट होतात. म्हणजे या पाण्यात ३० क्युसेकची धार ११५ दिवस चालेल, किंवा ७०० क्युसेकचा विसर्ग ५ दिवस.

आवर्तन

आवर्तन म्हणजे शेतीसाठी ठरावीक दिवस धरणातून सोडलेलं पाणी. गोदावरीचे डावा-उजवा कालवे नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यापासून सुरू होतात. त्यामुळे गंगापूर-दारणाचं शेतीचं पाणी तिथवर नदीपात्रातूनच जातं. सायखेडा, चांदोरीकडची नदी कालव्याच्या वेळापत्रकाने फुगते आणि ओसरते.

मोठ्या विसर्गाने पाणवेली आणि गाळ वाहून जातो, हा फायदा खरा. पण महिनाभर साचलेला कुजका गाळ एकदम ढवळला, तर लोंढ्याच्या तोंडाशीच प्राणवायू संपतो आणि मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. म्हणून पहिले काही तास १०० क्युसेकच सोडावेत, मग वाढवावेत.

खरं नुकसान होतं ते पाणी बंद करताना. पाणी चढलं की मासे काठच्या उथळ भागात शिरतात. दरवाजा एकदम पाडला की ते डबक्यांत अडकतात, काठावरची अंडी उघडी पडतात आणि एप्रिलच्या उन्हात डबकं दोन दिवसांत तापतं. त्यामुळे विसर्ग ७०० वरून ४५०, ३००, १८०, १०० आणि ५० असा उतरवावा, प्रत्येक टप्पा किमान सहा तासांचा. या उतारात सुमारे २३ दलघफू पाणी जातं. तेवढ्यासाठी पूर्ण विसर्ग सव्वानऊ तास आधी कमी करायला घ्यायचा, बस. पाणी शेवटी नांदूरलाच पोहोचतं, शेतकऱ्याचा थेंबही कमी होत नाही. आम्हाला सर्वांत कळकळीने मागावीशी वाटते ती हीच गोष्ट.

सलग धार

फेब्रुवारी ते मे थोडं पण अखंड पाणी वाहिलं, तर खडकाळ उथळ्यांवरची खळखळ टिकते. दगडांखालचे किडे, म्हणजे माशांचं खाद्य, जगतं आणि डोह एकमेकांपासून तुटत नाहीत.

अडचणी तीन आहेत. कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) लावलेले असतील तर ही धार पहिल्याच बंधाऱ्यात अडते, म्हणून तळाकडून फट ठेवण्याची अट अर्जातच घालावी. दुसरं, एप्रिल-मेमध्ये धरणाच्या तळाच्या पाण्यात प्राणवायू कमी असू शकतो. पाणी खडकांवर आपटून खाली जाईल अशी सोय हवी. तिसरी अडचण सांडपाण्याची. ३० क्युसेक म्हणजे दिवसाला सुमारे ७ कोटी ३० लाख लिटर. नाशिक शहराचं सांडपाणी त्याच्या कित्येक पट आहे. या धारेने वरच्या अंगाचा आनंदवल्ली-सोमेश्वरचा पट्टा सावरेल, तपोवनाखालची नदी नाही. तिथे उपाय मलजल शुद्धीकरणाचाच, हे लोकांना आधीच सांगावं.

प्राणवायू मोजायचा तो पहाटे, उजाडण्याआधी, कारण तेव्हा तो सर्वांत कमी असतो. लिटरला ५ मिलिग्रॅम असेल तर ठीक, ३ च्या खाली धोका. दुपारचा आकडा फसवतो.

पावसाळी लोंढा

रोहू, कटला, मृगळ यांची वीण चढत्या पावसाळी पाण्यावर होते. पहिले पूर मात्र धरण अडवतं. मासे अंड्यांवर आलेले असतात आणि खालची नदी तशीच संथ राहते. चिलापीला (तिलापियाला) पुराची गरज नाही, ती साचल्या पाण्यातही वाढते. म्हणून पूर हरवलेल्या नदीत तिचं फावतं.

जुलैत धरणात चांगली आवक सुरू झाली की ३ दिवस ३०० क्युसेक मागावेत. त्याला सुमारे ७८ दलघफू लागतात. अंडी एका दिवसात फुटतात, पण पिल्लांना काठचं उथळ पाणी काही आठवडे लागतं. म्हणून इथेही उतार सावकाश हवा. पाऊस चांगला असेल तर धरण भरत आल्यावर पाणी सोडावंच लागतं, त्यामुळे जलसंपदा विभागाला हे तुलनेने सोपं जातं.

निवड

३०० दलघफू असतील तर ७८ जुलैच्या लोंढ्याला द्यावेत. उरलेल्या २२२ मध्ये उन्हाळ्यात ११५ दिवस २२ क्युसेक धार चालते. आवर्तन आपल्या वाट्यातून मागू नये, शेतीच्या आवर्तनालाच उताराची अट जोडून घ्यावी. नांदूरच्या रामसर स्थळासाठीही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेसाठी) हेच बरं. पाणी जास्त म्हणजे पक्षी जास्त असं नसतं, चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना उथळ आणि स्थिर पातळी लागते.

पाऊस कमी झाला तर लोंढा सोडून द्यावा आणि धार मार्च ते मेपुरती राखावी. जुनी मोठी मादी डोहात तगली, तर पुढच्या पावसाळ्यात वीण होते.