‘हेलबॉय’चा पहिला अंक: जन्म दाखवला, बालपण गाळलं

सुपरहिरोच्या मालिकेचा पहिला अंक बहुतेक वेळा जन्मकथेतच अडकतो. शक्ती कुठून आली, पोशाख कसा तयार झाला, पहिला गुंड कुणी लोळवला, हे उरकेपर्यंत पानं संपतात आणि गोष्ट दुसऱ्या अंकावर जाते. ‘हेलबॉय: सीड ऑफ डिस्ट्रक्शन’ या कॉमिक मालिकेचा पहिला अंक (प्रकाशक डार्क हॉर्स, मार्च १९९४) हा पेच अगदी साधेपणाने सोडवतो. नायकाचा जन्म दाखवतो, त्याचं बालपण सरळ गाळतो आणि पन्नास वर्षं पुढे जातो. कथा आणि चित्रं माइक मिग्नोला यांची, संवादलेखन जॉन बर्न यांचं, रंग मार्क चियारेलो यांचे. मालिका चारच अंकांची आहे.

सुरुवात २३ डिसेंबर १९४४ची. इंग्लंडमधल्या ईस्ट ब्रॉमविच गावातलं पडकं चर्च. तिथे अमेरिकन सैनिकांची तुकडी दबा धरून बसली आहे. सोबत अतींद्रिय विषयांचे अभ्यासक ट्रेव्हर ब्रटनहोम आणि माल्कम फ्रॉस्ट, लेडी सिंथिया ईडन-जोन्स आणि टॉर्च ऑफ लिबर्टी नावाचा मुखवटाधारी वीर. (ब्रटनहोम हे फक्त लिहायचं नाव, उच्चार ‘ब्रूम’.) काहीतरी घडणार एवढंच त्यांना कळलंय. काय घडणार, ते कुणालाच ठाऊक नाही. हे सगळं एका सार्जंटच्या डायरीतून येतं आणि ही निवड अचूक आहे. डायरी लिहिणारा साधा शिपाईगडी असल्यामुळे मंत्रतंत्राची व्याख्यानं टळतात.

त्याच वेळी स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर नाझींचा विधी चालू आहे. मधोमध एक दाढीवाला मांत्रिक, त्याच्या हातांवर यंत्रांचे अवजड पंजे. विधी पार पडतो, पण बेटावर काहीच प्रकटत नाही. अधिकारी चिडतात, मांत्रिक मात्र काम फत्ते झालं म्हणतो. ज्याला बोलावलं ते तिकडे चर्चमध्ये आगीच्या लोळातून उतरलेलं असतं: लाल कातडीचं, शेपटीचं, भल्यामोठ्या उजव्या हाताचं एक पोर. बेटावरच्यांना पोर दिसत नाही आणि चर्चमधल्यांना विधी. दोन्ही फक्त वाचकाला दिसतं. पुढच्या तिन्ही अंकांचा ताण याच ठिणगीवर पेटतो, म्हणून ही पानं घाईने उलटू नका.

मग सैनिकांच्या घोळक्यात उभं केलेल्या त्या पोराचा फोटो, आणि एकदम वर्तमान. पोराला कुणी वाढवलं, शिंगं कधी कापली, उजवा हात दगडी का, यातलं काहीच सांगितलेलं नाही. समोर येतो तो लांब कोट घातलेला, कपाळावर कापलेल्या शिंगांची गोल खुंटं असलेला, कामाला सरावलेला तपासनीस: तेच पोर, आता मोठा झालेला हेलबॉय. म्हातारे ब्रटनहोम उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेतून परतलेत, तिथलं नीटसं काही आठवत नाही, आणि जे आठवतं ते हेलबॉयला सांगत असतानाच त्यांचा घात होतो. ज्याने जगात आल्याबरोबर सांभाळलं, त्याचाच मृत्यू त्याच अंकात. वडील-मुलाचं नातं कुठेही शब्दांत मांडलेलं नाही, तरी ते पोहोचतं, कारण मधल्या पन्नास वर्षांची जागा वाचक स्वतः भरतो. त्यानंतर बेडकासारख्या राक्षसाशी झुंज, आणि तीही दिमाखदार नाही. हेलबॉय मार खातो आणि जिंकतो तोही अंगावर जखमा घेऊनच.

चित्रांसाठी हा अंक दोनदा वाचावा, दुसऱ्या वेळी संवादांचे फुगे न वाचता. मिग्नोला वस्तूची बाह्यरेषा काढत बसत नाहीत. सावलीचा सलग काळा आकार ठेवतात आणि उजेडाचा तुकडा तेवढा मोकळा सोडतात. चेहऱ्याचा अर्धा भाग काळ्यात बुडालेला असला तरी माणूस ओळखू येतो. मारामारीच्या मध्येच एखाद्या निश्चल वस्तूची चौकट येते आणि तिथे वेग थांबतो, आवाज थांबतो. चियारेलोंनी आसपासचे रंग मळकट आणि थंड ठेवलेत, त्यामुळे हेलबॉयचा लाल कुठल्याही पानावर आधी दिसतो. मिग्नोलांचं पुढचं काम पाहिलेल्यांना इथे बारीक रेघांची छायाही सापडेल. नंतर ती कमी होत गेली.

दोष एकच आहे, पण तो पानोपानी आहे. बर्न यांचा मजकूर जास्त झालाय. वर्तमानातल्या भागात हेलबॉय स्वतः निवेदन करतो आणि झुंजीच्या चौकटींत जे दिसतंय तेच पुन्हा शब्दांत येतं. चित्र इतकं बोलकं असताना वरचा चौकोनी मजकूर डोळ्याला अडवतो, आणि भीतीला लागणारी शांतता नाहीशी होते. पुढे मिग्नोला स्वतःच लिहू लागले आणि हे निवेदन त्यांनी जवळपास सोडून दिलं. तो फरक पाहिला की इथे काय बिघडलं ते नेमकं कळतं.

विकत घेताना एक गोंधळ नेहमी होतो. हा मालिकेचा पहिला अंक आहे, हेलबॉयचं पहिलं दर्शन नव्हे. तो आधी १९९३च्या ‘सॅन डिएगो कॉमिक-कॉन कॉमिक्स’च्या दुसऱ्या अंकात आणि नंतर बर्न यांच्या ‘नेक्स्ट मेन’च्या २१व्या अंकात येऊन गेला होता. ‘पहिलं दर्शन’ म्हणून कुणी या अंकाची जादा किंमत सांगत असेल तर देऊ नका. सुट्या अंकात मात्र एक गोष्ट जास्तीची मिळते: आर्ट अ‍ॅडम्स यांची ‘मंकीमॅन अँड ओब्रायन’ ही पुरवणीकथा. ती हलकीफुलकी आहे, मुख्य कथेच्या सुराशी जुळत नाही, पण रेखाटन अतिशय देखणं आहे. हेलबॉयच्या संग्रहांत ती नसते.

फक्त वाचायचंच असेल तर सुट्या अंकाच्या मागे लागू नका. २०१८चा पहिला ऑम्निबस (जाड एकत्रित खंड) घ्या. चारही अंक आणि पुढच्या कथा एकाच कागदी बांधणीत मिळतात. चित्रांचा अभ्यास करायचा असेल तर २००८च्या लायब्ररी एडिशनचा पहिला खंड चांगला. त्याचा आकार मोठा असल्याने काळ्या भागांची मांडणी नीट दिसते. मोबाइलवर चौकट-चौकट करून वाचणं टाळा. या पानांचा तोल अख्ख्या पानावर बेतलेला आहे, एकेक चौकट वेगळी केली की तो जातो. लहान मुलांच्या हाती लगेच देऊ नये, दहावीच्या आसपासच्या मुलांना चालेल. आणि एक अंक वाचून थांबू नका: हेलबॉयचे साथीदार एब सेपियन आणि लिझ शर्मन खरे कामाला लागतात ते पुढे, कॅव्हेंडिश घराण्याच्या जुन्या वाड्यात.