थोरली गांधीलमाशी की धाकटी?

दोन्ही गांधीलमाश्या मूळच्या आशियातल्या, दोन्ही परक्या मुलखात घुसलेल्या. नाव गाजलं ते थोरलीचं, म्हणजे महाकाय गांधीलमाशीचं. राणी जवळजवळ ५ सेंमी, म्हणजे अंगठ्याएवढी! २०१९ मध्ये ती अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सापडली आणि वर्तमानपत्रांनी तिला ‘खुनी’ करून टाकलं. करणीही तशीच म्हणा: झुंडीने मधपेटीवर तुटून पडते, मधमाश्यांची मुंडकी छाटते. काही तासांत पेटी उजाड, समोर मुंडक्यांचा सडा.

धाकटी, म्हणजे पिवळ्या पायांची गांधीलमाशी, चणीने बरीच लहान. ती पेटीच्या दाराशी हवेत तरंगत राहते आणि परतणारी एकेक मधमाशी उचलते. भेदरलेल्या माश्या मग बाहेरच पडत नाहीत. पोळं उपासमारीने खचतं.

डंख दोघींचाही वाईट. ॲलर्जी असेल तर एकही पुरे.

मला मात्र भीती धाकटीची. थोरलीचा अमेरिकेतून नायनाट झाल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं. धाकटी २००४ च्या सुमारास फ्रान्समध्ये शिरली, बहुधा चिनी मातीच्या भांड्यांच्या मालातून, आणि स्पेन, पोर्तुगाल, इटलीपर्यंत पसरली. झाडाच्या शेंड्यावरचं तिचं घर अनेकदा दिसतं ते पानं गळल्यावर. तोवर नव्या राण्या उडून गेलेल्या असतात.