मांजरा धरणाचं चित्र आणि अमेरिकेचं अर्थएक्सप्लोरर: एक सविस्तर अभिप्राय

अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण खातं, म्हणजे यूएसजीएस, 'अर्थएक्सप्लोरर' नावाचं संकेतस्थळ चालवतं. लँडसॅट उपग्रहांनी १९७२ पासून टिपलेली पृथ्वीची चित्रं तिथे साठवलेली आहेत. कुठल्याही देशातला माणूस ती एक पैसाही न देता उतरवून घेऊ शकतो. मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात भूगोल शिकवते आणि हे संकेतस्थळ बरीच वर्षं वापरते आहे. आधीच सांगते, पाचपैकी साडेचार तारे देणार आहे, आणि अर्धा तारा का कापला तेही सांगणार आहे.

आमच्या भागातल्या कुणालाही हे दाखवायचं असेल तर मी एकच तुलना उघडते. पाथ १४६, रो ४७ ही चौकट (पाथ म्हणजे उपग्रहाच्या वाटेचा उभा पट्टा, रो म्हणजे त्यातली आडवी ओळ), साल २०१६. एप्रिलचं चित्र आणि पावसाळा सरल्यानंतरचं चित्र शेजारी शेजारी. मांजरा प्रकल्प केज तालुक्यात धनेगावला आहे. एकूण साठा २२४ दशलक्ष घनमीटरच्या आसपास, आणि लातूर शहराचं पाणी तिथून येतं. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, म्हणजे पाण्याच्या टाक्यांचे डबे, होत्या, पाच लाख लिटर. टीव्हीवर सगळ्यांनी वाघिणी पाहिल्या, धरण मात्र फार कुणी पाहिलं नाही. उपग्रहाच्या चित्रात ते दिसतं. जिथे पाण्याचा काळाभोर पसारा असायला हवा, तिथे फिकट करडी जमीन, कडेकडेने कोरड्या गाळाचे पट्टे. त्याच साली सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसाने धरण भरलं. पुढच्या चित्रात तोच आकार काठोकाठ काळा झालेला असतो, सगळे फाटे, सगळ्या खाचा पाण्याने भरलेल्या. वर्गात ही दोन चित्रं लावली की पाठीमागच्या बाकावरची मुलंसुद्धा उठून पुढे येतात.

पाणी काळं का दिसतं, हे मुलं लगेच विचारतात. उपग्रह आपल्याला दिसतो तेवढाच प्रकाश मोजत नाही. डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशही मोजतो. पाणी तो जवळजवळ सगळा पिऊन टाकतो आणि हिरवं पान तो जोरात परत फेकतो. प्रकाशाचा प्रत्येक भाग उपग्रह सुटा टिपतो, त्याला पट्टा (बँड) म्हणतात. लँडसॅट ८ चे ५, ४ आणि ३ हे पट्टे लाल-हिरव्या-निळ्याच्या जागी लावले की पाणी काळं आणि पीक लालभडक होतं. एप्रिलमध्ये आमचं जिरायत शिवार मोकळं पडलेलं असतं, त्यामुळे तेव्हा जे लाल दिसतं ते बागायतीचं, आणि आमच्याकडे नदीकाठाने ते बहुतेक उसाचंच. 'बहुतेक' हा शब्द मी मुद्दाम वापरते. फळबाग आणि उन्हाळी भुईमूगही लालच दिसतात. एका चित्रावरून ऊस ठरवता येत नाही. महिन्यामागून महिना तेच शेत लाल राहतं का, हे पाहावं लागतं.

एका चौकटीची रुंदी १८५ किलोमीटर. एक ठिपका ३० मीटर बाय ३० मीटर, म्हणजे ९०० चौरस मीटर, आपल्या हिशेबात जवळपास ९ गुंठे. शेतकऱ्यांना असं सांगितलं की पटकन कळतं, या चित्रात काय दिसेल आणि काय नाही. पाझर तलाव दिसेल, साठवण तलाव दिसेल. विहीर दिसणार नाही, शेततळं तर पुसटसं दिसलं तरी नशीब. बारीक पाहायचं असेल तर युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाकडे जावं. त्याचा ठिपका १० मीटरचा, म्हणजे जेमतेम एक गुंठा, आणि तीही चित्रं मोफत आहेत. पण सेंटिनेल-२ चा पहिला उपग्रह २०१५ मध्ये सुटला. आजोबांच्या काळातलं शिवार पाहायचं तर लँडसॅटच हवा.

आता पैशाचं सांगते, कारण मला या सेवेचं मोल तिथेच कळतं. ही चित्रं नेहमी मोफत नव्हती. १९८४ मध्ये अमेरिकेने कायदा करून लँडसॅटचा कारभार खासगी कंपनीकडे द्यायचं ठरवलं. त्या काळात एका चित्राची किंमत ४,००० डॉलरच्या पुढे गेली. किंमत वाढली एवढंच झालं नाही. गिऱ्हाईक नाही त्या भागाची चित्रं टिपायचंही कमी झालं. कॅमेरा वरून जातोय, खाली मराठवाडा आहे, पण विकत घेणारा कुणी नाही, म्हणून नोंदच नाही. त्या वर्षांतली जगभरातली कितीतरी पानं अशी कायमची कोरी राहिली. आमच्या चौकटीत नव्वदच्या दशकातली चित्रं शोधायला गेलं की अजूनही ही विरळ जागा जाणवते, आणि मला दर वेळी हळहळ वाटते. १९९२ मध्ये कायदा बदलला आणि कारभार पुन्हा सरकारकडे आला. लँडसॅट ७ च्या चित्राची किंमत ६०० डॉलरवर उतरली, आणि २००८ मध्ये सगळा साठा मोफत करायचा निर्णय झाला. विक्रीच्या काळातलं सर्वांत चांगलं वर्ष २००१ होतं, तेव्हा सुमारे २५,००० चित्रं खपली. मोफत झाल्यावर पहिल्याच पूर्ण वर्षात दहा लाखांहून जास्त उतरवली गेली. २०१८ मध्ये पुन्हा शुल्क लावायचा विचार तिथल्या सरकारात सुरू झाल्याची बातमी वाचली, तेव्हा मी खरंच अस्वस्थ झाले होते. शुल्क लागलं नाही.

मोफत याचा अर्थ इथे पूर्ण मोफत. अमेरिकेच्या केंद्र सरकारने स्वतः केलेल्या कामाला त्यांच्या कायद्यानुसार स्वामित्वहक्क लागत नाही. चित्र छापा, त्यावर नकाशा करून विका, कुणाची परवानगी नको. फक्त यूएसजीएसचा उल्लेख करावा अशी विनंती असते. नाव नोंदवताना तुमचा व्यवसाय काय आणि चित्रं कशासाठी वापरणार, असे प्रश्न विचारतात. पण उत्तर काहीही दिलं तरी दार उघडतंच. एका गावात पाणलोट समितीच्या बैठकीत मी लॅपटॉप उघडला होता. तिथे एका वयस्कर शेतकऱ्याशी झालेलं बोलणं माझ्या पक्कं लक्षात आहे.

"मॅडम, ह्यो फोटू कुणी काढला?"

"अमेरिकेच्या उपग्रहानं, काका."

"आन त्यांनी आपल्याला कामून दिला?"

"आपल्याला असा वेगळा नाही दिला. सगळ्यांसाठी ठेवलेलाच असतो."

काकांनी मग आपल्या गावाचा तलाव दाखवायला सांगितलं, आणि पुढचा तासभर नोव्हेंबरची वेगवेगळ्या वर्षांची चित्रं एकामागून एक पाहण्यात गेला. कुठल्या वर्षी पाणी कुठवर होतं, गाळ काढल्याचं सांगितलं गेलं त्यानंतर पसारा वाढला का, यावर गावातल्या लोकांनीच आपसात वाद घातला. सरकारी माहिती लोकांसाठी खुली असणं म्हणजे काय, हे मला त्या खोलीत दिसलं. कुठल्याही पत्रकातला आकडा तोंडावर मान्य किंवा अमान्य करायची गरज उरली नाही. वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंसमोर एकच चित्र होतं.

इथे एक अडचण नोंदवायलाच हवी, आणि ती अर्थएक्सप्लोररची नाही. उपग्रह पाण्याचा पसारा दाखवतो, खोली नाही. पसाऱ्यावरून साठा काढायचा तर त्या तलावाचा क्षेत्रफळ आणि साठा यांचा तक्ता लागतो, आणि तो इथल्या कार्यालयात असतो. मी एका कार्यालयात तो मागायला गेले तेव्हा पहिला प्रश्न आला, "कशासाठी पाहिजे?" दुसरा प्रश्न, "कोणी पाठवलं?" शेवटी माहिती अधिकारात अर्ज टाकला. सात समुद्रापलीकडच्या सरकारने काढलेलं आमच्या तलावाचं चित्र मला घरबसल्या मिळतं, आणि तलावाचा तक्ता तालुक्यात मिळत नाही. याचा मला मनापासून राग येतो. दोन्हींचा खर्च शेवटी लोकांच्याच करातून झालेला आहे. आपल्याकडे काहीच नाही असं मात्र नाही. इस्रोची भुवन आणि भूनिधी ही उपग्रहचित्रांची संकेतस्थळं आहेत, आणि २०२३ च्या अंतराळ धोरणात ५ मीटर आणि त्याहून ढोबळ तपशिलाची इस्रोची चित्रं मोफत व खुली ठेवण्याचं लिहिलेलं आहे. माझे विद्यार्थी दोन्हीकडची चित्रं वापरतात, वापरावीतच.

चित्रं खुली झाली तरी त्यांवर लिहिलेले शोधनिबंध बरीच वर्षं नियतकालिकांच्या कुलपात होते. तालुक्याच्या कॉलेजाला ती वर्गणी कुठून परवडणार? फेब्रुवारी २०१३ मध्ये व्हाइट हाउसच्या विज्ञान कार्यालयाने आदेश काढला की, संशोधनावर वर्षाला १० कोटी डॉलरहून जास्त खर्च करणाऱ्या खात्यांनी आपल्या पैशातून झालेले निबंध आणि विदा (डेटा) लोकांना मिळण्याची सोय करावी. त्यात निबंधांसाठी वर्षभर थांबायची सवलत होती. ऑगस्ट २०२२ च्या आदेशाने तीही काढली आणि २०२५ अखेरची मुदत घातली. याचा भारताशी थेट संबंध आहे. २००९ मध्ये नासाच्या मॅथ्यू रॉडेल यांनी सहकाऱ्यांसोबत गुरुत्वाकर्षणातले बदल मोजणाऱ्या ग्रेस या जुळ्या उपग्रहांच्या नोंदींवरून हिशेब मांडला होता: राजस्थान, पंजाब आणि हरयाणात ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात १०९ घन किलोमीटर भूजल घटलं. आपल्या पायाखालच्या पाण्याचा एवढा मोठा हिशेब खुल्या विदेमुळे जगासमोर आला. असे निबंध पदवीच्या मुलांना सरळ वाचता यावेत, ही माझी जुनी इच्छा.

आता कापलेला अर्धा तारा. संकेतस्थळाची मांडणी जुनाट आहे. चार कप्प्यांतून जावं लागतं: आधी जागा आणि तारीख, मग कुठल्या उपग्रहाचा साठा, मग ढगांचं प्रमाण वगैरे, आणि शेवटी निकाल. नवा माणूस दुसऱ्याच कप्प्यात अडकतो, कारण साठ्यांची यादी लांबलचक आहे आणि 'कलेक्शन २, लेव्हल १' आणि 'लेव्हल २' यांत काय घ्यायचं ते तिथे सोप्या शब्दांत सांगितलेलं नाही. (लेव्हल २ घ्या. त्यात हवेतल्या धुरकटपणाचा परिणाम वजा केलेला असतो.) सगळं इंग्रजीत आहे. मोबाइलवर उघडूच नका, चिडचिड होते. पूर्ण चित्र घेतलं तर एक जीबीच्या आसपास डाउनलोड होतं. खेड्यातल्या नेटवर मी संपूर्ण गठ्ठा न घेता हवे तेवढेच पट्टे सुटे उतरवते, पाण्यासाठी ३ आणि ५ पुरतात.

ढग हा मात्र त्यांचा दोष नाही. जून ते सप्टेंबर आमच्यावर उपग्रह नेमाने येतो, सकाळी साडेदहा-पावणेअकराच्या सुमारास, आणि बहुतेक वेळा त्याला कापूसच दिसतो. एकटा लँडसॅट १६ दिवसांनी परत येतो. आता ८ आणि ९ असे दोन आहेत म्हणून ८ दिवसांनी. तरी पावसाळ्याचं चित्र नशिबावरच.

आणखी एक, २०१२ शोधणाऱ्यांनी लक्षात ठेवावं असं. लँडसॅट ७ मधला एक भाग ३१ मे २००३ रोजी बिघडला, तेव्हापासूनच्या त्याच्या चित्रांत तिरके काळे पट्टे आहेत, मधोमध कमी, कडांना जास्त. लँडसॅट ५ च्या मुख्य कॅमेऱ्याने नोव्हेंबर २०११ मध्ये काम थांबवलं आणि लँडसॅट ८ फेब्रुवारी २०१३ मध्ये सुटला. म्हणजे २०१२ च्या दुष्काळाची आमची लँडसॅटची नोंद या पट्टे पडलेल्या चित्रांमधूनच वाचावी लागते. तलाव चौकटीच्या मध्यावर असेल तर काम भागतं.

सुरुवात करणाऱ्यांनी क्यूजीआयएस हे नकाशे आणि उपग्रहचित्रं पाहायचं मोफत सॉफ्टवेअर घ्यावं, ढगांची मर्यादा १० टक्के ठेवावी आणि नोव्हेंबर ते मे या महिन्यांतलं चित्र निवडावं. नांदेड-परभणीकरांनी पाथ १४५, पुणेकरांनी १४७, मुंबईकरांनी १४८ घ्यावा, रो सगळ्यांना ४७ चालेल. छत्रपती संभाजीनगर शहर पाहायचं असेल तर पाथ १४६ च ठेवा, पण रो ४६.