हीट पंप, सोलर की गिझर: कोकणातील घराने काय निवडावे?

पाणी तापवण्यासाठी हीट पंप घ्यावा का, हा प्रश्न कोकणात चार माणसांच्या कुटुंबालाही पडतो आणि पर्यटकांसाठी खोल्या चालवणाऱ्यांनाही. पण माझ्या मते दोघांचे उत्तर एक नाही.

हीट पंप विजेतून थेट उष्णता तयार करत नाही, तर बाहेरच्या हवेतील उष्णता ओढून पाण्यात सोडतो, त्यामुळे एका युनिट विजेत सुमारे तीन युनिटांइतकी उष्णता मिळते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने जुन्या घरांत बसवलेल्या पंपांची प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा हवेतून उष्णता घेणाऱ्या पंपांची सरासरी एका युनिट विजेमागे 3.1 युनिटे उष्णता भरली, आणि तीही तिथल्या थंडीत घर उबदार ठेवताना. आपली दमट हवा तर या यंत्राला अधिकच मानवते, कारण हवेतील उष्णता शोषणाऱ्या गार कॉइलवर बाष्पाचे पाणी होताना सुटणारी उष्णताही त्याच्या पदरात पडते.

मात्र जिथे हवा उबदार, तिथे नळाचे पाणीही फारसे गार नसते. 27 अंशांचे 100 लिटर पाणी 42 अंशांवर नेण्यास साध्या गिझरला सुमारे पावणेदोन युनिटे लागतात आणि पंपाला साधारण 0.6, म्हणजे कुटुंबाची रोजची बचत सव्वा युनिटाच्याही आत राहते, आणि भरून ठेवलेली टाकी निवते त्याचा तोटा त्यातून वजा होतो. एवढ्यासाठी गिझरच्या कित्येक पट किंमत मोजणे मला पटत नाही. याउलट, भरलेल्या होमस्टेत रोज 600 लिटर पाणी 20 अंशांनी तापवायचे असेल, तर गिझरची 14 युनिटे पंपावर, लांब नळांतील उष्णतेची गळती धरूनही, पाच-सहांवर येतात.

उघड्या गच्चीवर आठ महिने सोलरला तोड नाही, परंतु जून ते सप्टेंबर त्याला विजेचा टेकू लागतो आणि झाडांच्या सावलीतल्या कौलारू छपरावर तो बसवणेही कठीण जाते. पावसात वीज गेली की पंप आणि गिझर दोन्ही सारखेच ठप्प. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर वीज यायला कित्येक गावांत आठवडे लागले, तेव्हा नारळाची सोडणे आणि झावळ्या जाळणारा बंब मोडीत काढू नये.

पंप घेतलाच, तर तो समुद्राकडून थेट खारा वारा येणाऱ्या भिंतीवर न लावता मागील पडवीत, हवा खेळेल असा लावावा, कॉइलच्या पातळ पत्र्यांवर गंजरोधक लेप आहे ना ते पाहावे आणि ते पत्रे अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावेत. पाणी 60 ऐवजी 50 अंशांवर ठेवल्यास कामगिरी सुधारते. अनेक टाक्यांत मदतीला विजेची कॉइलही असते आणि सेटिंग चुकले तर तीच गुपचूप सगळे पाणी तापवत राहते, म्हणून पंपाला स्वतंत्र मीटर जोडून पहिल्या महिन्याचे युनिट तपासावेत.