मातीत जिरणारी कुंडी घ्यायची तर कोणती?

रोपवाटिकेत पन्नीऐवजी, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीऐवजी, मातीत जिरणाऱ्या कुंड्या आणायच्या असतील, तर ती पावसात किती टिकेल हे विचारण्याआधी मे महिन्यात कुठे ठेवणार ते ठरवा. आमच्या वरुड-मोर्शीकडे माल टिनाखाली पडतो, आणि बिघाड तिथूनच सुरू होतो.

पीएलए, म्हणजे मका-उसाच्या साखरेपासून केलेलं प्लास्टिक, आणि ताग यांची कुंडी हाताला सगळ्यात टणक. पण पीएलए 55 ते 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं. ओल मुरली असेल तर त्याहूनही आधी. बाहेर 45 असताना माझी टिनाजवळची अख्खी थप्पी वाकडी झाली. पुढे पावसाळ्यात ताग ओल ओढून फुगतो, उघडीप पडली की आकसतो. पीएलए तेवढं हलत नाही, म्हणून दोघांमध्ये बारीक फटी पडतात आणि झडीचं पाणी आत शिरतं. सुरुवात काठापासून, कारण तिथे धागे उघडे असतात. ते पाणी पीएलएच्या लांब साखळ्या तोडतं, तुटताना आम्ल तयार होतं आणि ते तोड आणखी वाढवतं. गरमी असेल तर हे सगळं झपाट्यानं होतं.

वावरात पुरल्यावर मात्र हीच कुंडी लवकर जिरत नाही. कंपोस्ट कारखान्यात तिला 58 अंशांच्या आसपास ऊब मिळते, पावसाळी मातीत ती कुठली? लावताना तळ कापाच.

नुसत्या स्टार्चची कुंडी स्वस्त असली तरी मेच्या कोरड्या हवेत तडकते, झडीत लिबलिबीत होते. चार आठवड्यांत वावरात जाणाऱ्या वांग्याला चालेल.

काथ्याच्या कुंडीला टिनाखालच्या गरमीनं फरक पडत नाही. काथ्यात लिग्निन, म्हणजे धाग्यातला लवकर न कुजणारा कडक भाग, साधारण 40 टक्के, तागात 12-13. म्हणून ती सावकाश कुजते. भिंतीतून पाणी उडतं, उन्हाळ्यात दोनदा पाणी द्यावं लागतं. तरी मिरची-पपईला मी हीच घेतो.

संत्र्याच्या कलमाला यातली एकही नको. जंभेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरून (कळी बसवून) कलम विकेपर्यंत वर्ष उलटतं. तिथे पन्नीच ठेवा.

पैसे देण्याआधी दोन नमुने मागा. एक कोरडा तोला, 24 तास बादलीत बुडवून पुन्हा तोला, मग काठ चिमटीत दाबून पाहा. दुसरा भर दुपारी टिनावर ठेवा आणि त्यावर वीट ठेवा.