प्रमाणपत्राची परीक्षा की आपल्याच आराखड्यावर कार्यशाळा?

कमी प्रदूषण करणारा कारखाना आखायला अभियंते आणि आर्किटेक्ट यांना शिकवायचं ठरलं, की निवड बहुधा या दोन वाटांमध्येच असते.

परीक्षेची वाट सोपी आहे. पर्यावरणपूरक इमारतींना मानांकन देणाऱ्या ‘लीड’ पद्धतीची ग्रीन असोसिएट ही परीक्षा घ्या: दोन तासांची, 100 बहुपर्यायी प्रश्नांची. अभ्यास ज्याचा त्याने सवडीने करायचा. पाणी, ऊर्जा, साहित्य, आतली हवा याबद्दल सगळे एका भाषेत बोलू लागतात, आणि हा फायदा मोठा आहे. इमारतीला मानांकन घ्यायचं असेल, तर त्यातलं जाणणारा कुणीतरी हवाच. पण यंत्रांतून निघणाऱ्या सांडपाण्यावर त्यात फारसं हाती लागत नाही.

कार्यशाळेत आपलाच आराखडा टेबलावर असतो. प्लेटिंगची, म्हणजे भागांवर धातूचा मुलामा चढवण्याची लाइन घ्या. रसायनाच्या टाकीतून काढलेला भाग काही सेकंद तिथेच टांगून निथळू दिला, तर अंगावरचं रसायन परत टाकीत पडतं. नाहीतर ते धुण्याच्या पाण्यात जातं. धुण्यासाठी एकाऐवजी दोन-तीन टाक्या ओळीने ठेवून ताजं पाणी शेवटच्या टाकीत सोडलं आणि तिथून मागच्या टाक्यांत आणलं, तर पाण्याची बचत 90 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. मात्र जादा टाकीची जागा आराखड्यातच राखावी लागते. लाइन उभी राहिल्यावर हे सुचलं, तर सांडपाण्याचं शुद्धीकरण केंद्र वाढवत बसावं लागतं.

पाइपांचंही तसंच. प्रवाह तोच ठेवून व्यास दुप्पट केला, तर घर्षणाने जाणारा दाब साधारण बत्तिसाव्या भागावर येतो. इंटरफेस या गालिचा कंपनीच्या शांघायमधल्या कारखान्यात एका पंपिंग व्यवस्थेची गरज 95 अश्वशक्तीवरून 7 वर आली. पाइप जाड घेतले आणि आधी ते सरळ आखून मग यंत्रं मांडली, एवढंच. ही सवय वाचून लागत नाही, पेन्सिल हातात घ्यावी लागते.

कार्यशाळेच्या अडचणीही खऱ्या आहेत. सगळ्यांचे दोन-तीन दिवस जातात, मार्गदर्शक कच्चा निघाला तर ते वाया जातात. शिवाय लाइन चालवणारा ऑपरेटर खोलीत नसेल तर अर्धी माहिती बाहेरच राहते. त्याला बोलावणं मी अटच मानतो.

आराखडा अजून कच्चा असेल, तर माझं मत ठाम आहे: आधी कार्यशाळा, मग एकदोघांना परीक्षेला बसवा. आराखडा पक्का होऊन काम सुरू झालं असेल, तर आता परीक्षेची तयारी करून घ्या आणि कार्यशाळा पुढच्या प्रकल्पाच्या पहिल्या आठवड्यात ठेवा.