छोट्या अभ्यासग्रंथ प्रकाशनाकडे पुस्तक दिलं, त्याचा अनुभव

बडोदा संस्थानातल्या प्राथमिक शिक्षणावरचं माझं पुस्तक अखेर आलं. दांडिया बाजारात भेटणारे ओळखीचे लोक पहिला प्रश्न एकच विचारतात, "किती द्यावे लागले?" एक रुपयाही नाही. वेळ मात्र भरपूर गेला. कुणी हस्तलिखित घेऊन बसलं असेल तर उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितोय. प्रकाशनाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे.

पैशांचा प्रश्न येतो त्यालाही कारण आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांत प्राध्यापकांच्या नेमणुकी-बढतीसाठी राष्ट्रीय प्रकाशकाकडून आलेल्या पुस्तकाला १० गुण आहेत. त्यामुळे प्राध्यापकांकडून रक्कम घेऊन महिन्याभरात पुस्तक बांधून देणारे पुष्कळ झालेत. "आयएसबीएनसकट" ही त्यांची मोठी जाहिरात. भारतात आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, फुकट मिळतो, आणि आतला मजकूर कुणी वाचलाय की नाही याच्याशी त्या तेरा आकड्यांचा काडीचा संबंध नाही.

माझ्या प्रकाशनाने सुरुवातीला अख्खं बाड मागितलंच नाही. दोन-तीन पानी प्रस्ताव, प्रकरणांची यादी, नमुन्याची दोन प्रकरणं, आणि या विषयावर आधी काय लिहिलं गेलंय नि तुमचं वेगळं काय, यावर एक टिपण. हे टिपण बहुतेक जण उरकून टाकतात. संपादकबाई सगळ्यात आधी तेच वाचतात आणि बरेचसे प्रस्ताव तिथूनच परत जातात.

त्यातून सुटलं की पूर्ण हस्तलिखित बाहेरच्या दोन वाचकांकडे. त्यांना लेखकाचं नाव कळतं, लेखकाला त्यांचं कळत नाही. मराठीत मोडी कागदपत्रं वाचून संस्थानी इतिहास लिहिणारे असतात किती? दोन पानांत अंदाज येतोच. (मला एकाचा आला. तपासून पाहायच्या फंदात पडलो नाही.) एक अहवाल गोडगोड, दीड पानाचा, निरुपयोगी. दुसरा मात्र खरा. त्यातलं एक वाक्य असं: "१८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ साली ती सक्ती सगळ्या संस्थानात लागू झाली, हे सयाजीरावांवरच्या प्रत्येक पुस्तकात आहे. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होई, तो भरला कोणी आणि चुकवला कोणी?" दंडाच्या नोंदी माझ्याकडे होत्या, पण परिशिष्टात. त्या उचलून तिसरं प्रकरण त्यांच्यावर उभं केलं आणि पुस्तकाचा रंगच पालटला. एवढं बारकाईने वाचणारा माणूस पैसे मोजूनही मिळत नाही. त्याला मानधन म्हणून बहुधा प्रकाशनाची चार पुस्तकं मिळाली असतील.

अहवालांना लेखी उत्तर द्यावं लागतं, मुद्देवार. सगळं मान्य करायची सक्ती नाही, पण का मान्य नाही ते सांगावं लागतं. मी दोन मुद्दे नाकारले. हे उत्तर आणि दोन्ही अहवाल संपादक मंडळापुढे जातात, आणि छापायचं की नाही हे मंडळ ठरवतं. मंडळ वर्षातून मोजक्या वेळाच बसतं. एक बैठक हुकली की पुढचीची वाट पाहायची. फोन केला की संपादकबाई शांतपणे म्हणायच्या, "काका, मंडळापुढे ठेवलंय हो." बाईंचा दोष नाही, पण संभाव्य तारीख आधी सांगितली असती तर बरं झालं असतं.

निर्मितीचा भाग संमिश्र. भाषासंपादन उत्तम, तळटिपा एकूणएक तपासल्या. पण मी युनिकोडमध्ये दिलेला मजकूर जुळणीवाल्याने त्याच्या जुन्या फाँटमध्ये नेला आणि पहिल्या मुद्रितात रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसले. 'सर्व'चा रफार 'स'वर! त्यामुळे मुद्रितशोधनाची एक फेरी वाढली. शेवटची सूची (कुठलं नाव कुठल्या पानावर ते) लेखकानेच करायची असते, तीही पानं पक्की झाल्यावर, आणि तेव्हाच नेमकी सगळ्यांना घाई सुटते. छायाचित्रांच्या परवानग्याही आपणच आणायच्या. जुन्या छायाचित्राचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो हे खरं, पण संग्रहाने दिलेला स्कॅन छापायला त्यांचं पत्र लागतंच. ते काम पहिल्याच महिन्यात सुरू करा.

विक्री हा यांचा सगळ्यात लंगडा भाग. प्रती मोजक्या छापतात, संपल्या की मागणीनुसार थोड्या. पुण्याच्या दुकानात पुस्तक दिसलं म्हणे, बडोद्याच्या नाही. ज्या शहराचा इतिहास आहे तिथल्या वाचकाने टपालाने मागवायचं, हे काही पटत नाही. लेखकाचं मानधन छापील किमतीवर नसून प्रकाशनाच्या हाती पडलेल्या रकमेवर मिळतं. तेव्हा त्यावर घर चालवायची स्वप्नं नकोत.

पाचापैकी चार. पुढचा प्रस्ताव यांनाच पाठवणार आहे. फक्त करारात या वेळी दोन गोष्टी आधी लिहून घेईन: बडोद्यातल्या एका तरी विक्रेत्याकडे प्रती, आणि पुस्तक ठरावीक काळ अनुपलब्ध राहिलं तर हक्क माझ्याकडे परत.